दुपारचे ऊन रात्रीपर्यंत पुरवायचे कसे?

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याचे चौदा दरवाजे दरवर्षी १ जुलैला उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेल्या निकालातली ही अट आहे. बंधाऱ्याची साठवण क्षमता २.७४ टीएमसी. पण नदी दुथडी भरून वाहते त्या चार महिन्यांत पाणी अडवायचे नाही, ते खाली तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाकडे जाऊ द्यायचे. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा पावसाळा सरलेला असतो. पाणी असते तेव्हा अडवता येत नाही आणि अडवता येते तेव्हा ते पुरेसे नसते, हे दुखणे इथल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

उन्हाचेही तसेच आहे. मराठवाड्यात ऊन मुबलक. घराच्या छतावर एक किलोवॅटचे सौर पॅनल बसवले तर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पण ती मिळते सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात. घरातली माणसे एकत्र येतात, दिवे, पंखे आणि टीव्ही सुरू होतात, मुले अभ्यासाला बसतात ती वेळ संध्याकाळी सातची. तेव्हा पॅनल नुसती काच असते.

म्हणून स्वच्छ ऊर्जेचा खरा प्रश्न आता वीज तयार करण्याचा कमी आणि ती वेळेवर हाती असण्याचा जास्त आहे. साठवण म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बॅटरी येते. ती हवीच, पण शेवटी. त्याआधी उन्हाला साठवण्याचे कितीतरी स्वस्त मार्ग आहेत आणि त्यांतले काही आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत.

रात्रीच्या पाण्याची किंमत

सुरुवात शेतापासून करू. कृषी वाहिन्यांवर वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात, चिखलात, उभ्या पिकात पाणी द्यायला जावे लागते. हा नुसता गैरसोयीचा मुद्दा नाही, आरोग्याचा आहे. मण्यारीसारखा विषारी साप रात्रीच बाहेर पडतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. दंश झालाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, दंश झालेला अवयव न हलवता तडक दवाखाना गाठावा. पण त्याहून बरे म्हणजे रात्री शेतात जाण्याची वेळच येऊ न देणे.

राज्यात २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मागचा विचार हाच आहे. गावाजवळच्या उपकेंद्राच्या परिसरात सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा थेट कृषिपंपांना द्यायची. यात बॅटरी कुठेच नाही. ऊन असते तेव्हाच पंप चालतो.

ही बचत किती मोठी आहे ते आकड्यांत पाहू. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला जवळपास चार युनिट वीज खातो. चार तास चालला तर पंधरा-सोळा युनिट. एवढी वीज घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीत साठवायची म्हटली, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या सतरा-अठरा बॅटऱ्या लागतील. कारण अशा एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मेच वापरायचे असतात. तेच पाणी दुपारी उपसले तर बॅटरी शून्य. पाणी जमिनीत मुरते, पिकाच्या मुळाशी थांबते. शेततळ्यात किंवा उंचावरच्या टाकीत भरले तर दुसऱ्या दिवशीही कामी येते. उन्हाची वीज पाण्याच्या रूपाने साठली, एवढाच त्याचा अर्थ.

मिरची आणि वाळवण

दुसरे उदाहरण धर्माबादकरांच्या घरचे. हे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. मिरची मोंढ्यात येण्याआधी उन्हात वाळते. शंभर किलो ओल्या, पिकल्या मिरचीत साधारण ७५ किलो पाणी असते. ती नीट वाळून दहा टक्के ओलाव्यावर आली की २८ किलोच्या आसपास उरते. म्हणजे ७२ किलो पाणी उडून गेले. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६५ युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. त्या हिशेबाने शंभर किलो मिरचीमागे सूर्याने किमान ४५ ते ५० युनिटचे काम फुकट करून दिले. मोठ्या कुटुंबाच्या आठवडाभराच्या विजेइतके.

आणि हे काम साठून राहते. वाळलेली मिरची वर्षभर टिकते, तिला शीतपेटी लागत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया, पापड, सांडगे हेही त्याच जातीचे. वैशाखातले ऊन श्रावणात ताटात वाढायचे, हे तंत्र आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

मात्र इथेही आरोग्याची एक बाजू आहे. मिरची जमिनीवर पसरली, रात्रीचे दव किंवा अवकाळीचा शिडकावा लागला, वाळायला फार दिवस लागले, तर तिच्यावर बुरशी धरते. त्यातल्या काही बुरशा ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे आणि कर्करोगाला कारण ठरते. ते फोडणीच्या किंवा शिजवण्याच्या उष्णतेने पुरेसे नष्ट होत नाही, काळी पडलेली मिरची दळून तिखट केले तरी ते तिखटात उतरते. त्यामुळे मिरची ताडपत्रीवर किंवा जमिनीपासून उंच जाळीवर वाळवणे, संध्याकाळी झाकून ठेवणे, डाग पडलेल्या मिरच्या वेगळ्या काढणे महत्त्वाचे. पारदर्शक आच्छादनाचे सौर वाळवणी यंत्र हेच काम कमी दिवसांत करते आणि धूळही बसू देत नाही.

बर्फात साठवलेली वीज

तिसरे उदाहरण प्राथमिक आरोग्य केंद्रातले. बाळांना द्यायच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. वीज गेली आणि लसी तापल्या तर त्यांचा गुण जातो, आणि हे बाटलीकडे नुसते पाहून नेहमी कळत नाही. म्हणून तिथे घरगुती फ्रिज वापरत नाहीत. वरून झाकण उघडणारी, भिंतींमध्ये बर्फाचे अस्तर असलेली पेटी असते. तिला आरोग्य कर्मचारी ‘आयएलआर’ म्हणतात. वीज असेल तेव्हा हे अस्तर गोठते आणि वीज गेली की तोच बर्फ हळूहळू वितळत पेटी थंड ठेवतो. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तिचे भागते.

एक किलो बर्फ वितळताना ०.०९ युनिटइतकी उष्णता शोषून घेतो. दहा किलो बर्फ म्हणजे जवळपास एक युनिटभर थंडावा, तोही न झिजणारा आणि स्फोट न होणारा. याच्या पुढची पायरी म्हणजे पॅनलवर थेट चालणारी सौर लसपेटी. तिच्यात बॅटरी नसते. दिवसा उन्हावर बर्फ गोठवायचा, रात्री त्यावर निभवायचे. आभाळ सलग तीन दिवस भरलेले राहिले तरी आतले तापमान टिकले पाहिजे, असा या पेट्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

पाणी, मिरची, बर्फ या तिन्हींत सूत्र एकच. वीज साठवणे महाग पडते, विजेने केलेले काम साठवणे स्वस्त पडते. म्हणून जे काम दुपारी उरकता येईल ते दुपारीच उरकावे. टाकी भरणे, पिठाची गिरणी, कपडे धुणे, इस्त्री, ई-रिक्षाचे किंवा दुचाकीचे चार्जिंग ही सगळी त्यातलीच कामे.

पाणी वर चढवले तर?

तरीही संध्याकाळची गरज उरतेच. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. भरदुपारच्या अशा मागणीला सौर प्रकल्पांचा मोठा हातभार लागतो. सूर्य मावळल्यावर मात्र बहुतेक भार कोळसा आणि जलविद्युत केंद्रांवर येतो. तिथे मोठ्या साठवणुकीची गरज पडते.

त्यासाठी सर्वांत जुना आणि भरवशाचा मार्ग पाण्याचाच आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या तलावातले पाणी वरच्या तलावात चढवायचे, गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. खर्च केलेल्या विजेपैकी ७५ ते ८० टक्के परत मिळते. अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरचे घाटघर हे राज्यातले ठळक उदाहरण. वरचे धरण सह्याद्रीच्या माथ्यावर, खालचे शहापूर तालुक्यात चोंढे इथे. २५० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र २००८ पासून चालू आहे. आपल्याच गोदावरीवर, पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी असलेला १२ मेगावॅटचा संचही असा उलटसुलट फिरणाऱ्या जातीचा आहे.

मग बाभळीला असे का होऊ नये? याचे उत्तर उंचीत आहे. एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढवले तर त्यात एक युनिट ऊर्जा साठते. घाटघरला दोन्ही धरणांच्या पातळीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. धर्माबादचा मुलूख सपाट. तिथे घराच्या गच्चीवर, दहा मीटर उंचीवरची हजार लिटरची टाकी भरली तर त्यात ०.०२७ युनिट साठतात. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा तीन तास जळेल एवढेच. सह्याद्रीला जे जमते ते गोदाकाठच्या काळ्या रानात जमत नाही. म्हणून अशा भागात शेवटी बॅटरीच लागते.

बॅटरीची निवड आणि तिचे विष

घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती शिसे-आम्लाची बॅटरी. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये तयार केली. स्वस्त आहे, दुरुस्त करणारा गावात मिळतो. पण जड आहे, आणि उन्हाळ्याशी तिचे वैर आहे. ठरलेल्या तापमानापेक्षा आठ-दहा अंश जास्त उष्णतेत ती सतत राहिली तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ ठोकताळा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो त्या आपल्या भागात पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवलेली बॅटरी लवकर मरते ती यामुळे.

दुसरी लिथियम-आयनची. जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना तिच्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१० च्या सुमारास एक युनिट साठवणाऱ्या अशा बॅटरीसंचाला जगात हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत. २०२४ मध्ये ही सरासरी किंमत ११५ डॉलरवर आली. मोठ्या प्रकल्पांना त्यामुळेच गती आली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये राजनांदगाव इथे १०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला जोडून ४० मेगावॅटची, तीन तास वीज देऊ शकणारी बॅटरी २०२४ मध्ये सुरू झाली. दुपारची सव्वा लाखाच्या आसपास युनिट वीज ती संध्याकाळसाठी राखून ठेवू शकते. घरासाठी घ्यायची तर लिथियमच्या प्रकारांत ‘लोह-फॉस्फेट’ हा प्रकार उष्णतेत अधिक सुरक्षित आणि जास्त वर्षे टिकणारा मानला जातो.

शिशाच्या बॅटरीबाबत मात्र प्रत्येक घराने सावध राहिले पाहिजे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद खोलीत, देवघराच्या दिव्याजवळ किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. पाणी घालताना फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि मुलांना दूर ठेवावे. खरा धोका ती मेल्यावर सुरू होतो. जुनी बॅटरी भंगारात गेली, कोणीतरी उघड्यावर फोडली, शिसे वितळवले, की त्याचा धूर आणि धूळ आजूबाजूच्या माती-पाण्यात मिसळते. युनिसेफने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी वाटावी इतके आहे. त्यातली सुमारे २७ कोटी ५० लाख मुले भारतातली. शिसे वाढत्या मेंदूवर घाला घालते. मूल अशक्त दिसते, चिडचिडे होते, शिकण्यात मागे पडते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यावर उपाय सोपा आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानदाराला द्यावी आणि बिलात तिची किंमत वजा करून घ्यावी. शंभर-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नये.

घरचा हिशेब

आता एका साध्या घराची संध्याकाळ मोजू. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, साधे ७५ वॅटचे दोन पंखे आठ तास, टीव्ही तीन तास आणि मोबाइलचे चार्जिंग. बेरीज होते १.६ युनिट. यातले १.२ युनिट एकटे पंखे खातात. तेच पंखे कमी वीज खाणारे, ३० वॅटचे ‘बीएलडीसी’ घेतले तर एकूण गरज ०.९ युनिटवर येते. म्हणजे पंखे बदलले की दोन बॅटऱ्यांऐवजी एकीत भागते. बॅटरी विकत घेण्याआधी पंखा पाहावा तो याचसाठी. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा रुग्ण असेल तर हिशेब वेगळा. ३५० वॅटचे यंत्र चार तास चालवायला १.४ युनिट लागतात. ते आधी धरावेत, टीव्ही नंतर.

सौर पॅनल घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण नेहमीचे ‘ऑन-ग्रिड’ पॅनल लाईट गेली की आपणहून बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. भरदुपारी, लख्ख उन्हात घरात अंधार पाहून लोक चक्रावतात. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते. हे आधीच विचारून घ्यावे.

आधी कुणाची बॅटरी?

साठवलेली वीज थोडीच असणार. मग ती आधी कुणाला द्यायची? छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनल आणि बॅटऱ्या बसवल्या गेल्या. २०१७ मध्ये पंधरा जिल्ह्यांतल्या १४७ केंद्रांची पाहणी झाली. सौर वीज असलेल्या केंद्रांत दाखल रुग्ण निम्म्याहून अधिक जास्त आणि महिन्याला होणारी बाळंतपणे जवळपास दुप्पट आढळली. या फरकाला इतरही कारणे असू शकतात. पण रात्री अकरा वाजता कळा सुरू झालेल्या बाईला दिवा चालू असलेल्या केंद्रात न्यावेसे वाटते, हे समजायला पाहणीचीही गरज नाही. प्रसूतिगृहाचा दिवा, बाळाच्या घशातला स्राव ओढणारे यंत्र, ऑक्सिजन, सर्पदंशाच्या रुग्णाकडे पाहणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावरचा उजेड यांना दुपारपर्यंत थांबवता येत नाही. बॅटरीवर पहिला हक्क त्यांचा. ग्रामपंचायतीने आणि गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राच्या छतावर पॅनल आहे का, बॅटरी चालू आहे का, तिची देखभाल कोण करतो, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल.

बाभळीचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी पाडायचे, हे गावाच्या हाती नाही. दुपारी बारा वाजता पंप लावायचा की रात्री बाराला, मिरची कशावर वाळवायची, जुनी बॅटरी कुणाला द्यायची, यातले बरेचसे मात्र आपल्या हाती आहे, आणि दिवसाची वीज मिळू लागेल तसे ते वाढत जाईल. ऊन दररोज सकाळी नव्याने येते, आणि त्यावर कोणत्याही राज्याचा दावा नाही.